पाहुण्याला पाण्याआधी टोन

मागच्या आठवड्यात आमच्या ऑफिसातले टेबलावरचे फोन काढायला माणसं आली आणि माझं डोकंच सणकलं. फोन काढणार हे मला माहीत नव्हतं असं नाही. मंजुरीवर सही माझीच होती. आता सगळं बोलणं कॉम्प्युटरवरून, डोक्याला हेडफोन अडकवून. पण त्या माणसांनी वायरी खेचून फोन खोक्यात असे भिरकावायला सुरुवात केली, की मी केबिनमधून ओरडले, "अहो, कांदे भरताय का?" मी चांदवडची. आमच्याकडे कांदेसुद्धा यापेक्षा जपून भरतात.

त्यातला एक फोन मी उचलून घेतला. "मॅडम, याचं आता काय करणार?" एकानं विचारलं. "लोणचं घालणार," म्हटलं. फोन पिशवीत घातला तेव्हा त्याच्या रिसीव्हरचा मी नकळत वास घेतला. कोलनचा वास येतोय का ते बघत होते. तो कसा येणार? बाईंना ऑफिस सोडून बरीच वर्षं झाली.

बाई म्हणजे आमच्या टेलिफोन विभागाच्या प्रमुख. शाळेतल्या बाई नव्हेत, पण सगळं ऑफिस त्यांना बाईच म्हणायचं, अगदी मालकसुद्धा. आमची कंपनी द्राक्षं परदेशी पाठवणारी. मुख्य ऑफिस नाशिकला, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, आणि शाखा रॉटरडॅम, लंडन, दुबई, नैरोबी अशा चार दिशांना. या सगळ्यांचे फोन एकाच यंत्रणेवर होते आणि ती यंत्रणा नाशिकहून बाई चालवायच्या.

अशा यंत्रणेत प्रत्येक शाखेसाठी एक देश निवडावा लागतो. देश निवडला की पडद्यावर तारीख कशी दिसेल, भाषा कोणती असेल, बाहेरच्या लाइनसाठी शून्य दाबायचा की नऊ, आणि रिसीव्हर उचलल्यावर कानात कोणता टोन येईल, हे सगळं ठरतं. बाकीच्यांच्या दृष्टीनं ही यादीतल्या एका नावावर बोट ठेवायची गोष्ट. बाईंच्या दृष्टीनं तो धर्म होता. "माणसानं रिसीव्हर उचलला की त्याला आपल्या गावचा आवाज आला पाहिजे," असं त्या म्हणायच्या. "मग पुढं काय बोलायचं ते बोलू दे."

आधी त्या सरकारी टेलिफोन खात्यात होत्या. ट्रंक कॉल जोडून देण्यापासून सुरुवात केलेली. तिथून त्यांनी दोन गोष्टी सोबत आणल्या होत्या. एक कोलनची, म्हणजे सुगंधी पाण्याची बाटली, जिच्यात कापूस बुडवून त्या रोज सकाळी सगळे रिसीव्हर पुसायच्या. आणि दुसरी म्हणजे त्यांचा उजवा कान. त्या कानात त्यांनी कामावर असताना कधी काही घातलं नाही. डाव्या कानात मोत्याची कुडी, उजवा रिकामा. नवीन आलेला माणूस हमखास म्हणायचा, "बाई, तुमची एक कुडी पडली वाटतं." बाई म्हणायच्या, "पडली नाही. डावा कान मिरवायला, उजवा कामाला."

फोन उचलून त्यांनी कधी हॅलो म्हटलं नाही. "नाशिक," एवढंच म्हणायच्या, भारदस्त आवाजात. समोरच्याला वाटायचं सगळं शहरच लाइनवर आलंय. स्पीकरवर बोलणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. "स्पीकर म्हणजे चावडी. चार लोकांत बोलायचं असेल तर चावडीवर जा, फोन कशाला घाण करता?" हे त्यांनी मालकांनाही ऐकवलं होतं. मालकांनी निमूट रिसीव्हर उचलला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

माझी मुलाखतसुद्धा त्यांनीच घेतली. मी पदवी, मार्कशिटं, सगळी फाइल घेऊन गेले होते. त्यांनी फाइलकडे बघितलंही नाही. रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"काय ऐकू येतं?"

"डायल टोन."

"ते माहितीये. कसा?"

मी घाबरून म्हटलं, "म्हणजे... घुर्र असा."

"घरी मांजर आहे?"

"तीन आहेत."

"मग जमेल," बाई म्हणाल्या, आणि मला नोकरी लागली. खोटं सांगत नाही. आमचा भारतातला टोन तसाच असतो, मांडीवर बसलेल्या मांजरासारखा घुरघुरतो. हॉलंडचा तसा नाही. तो नुसता सरळ, एका पट्टीत. अमेरिकेचा दोन सुरांचा, गुणगुणल्यासारखा. पलीकडे घंटी वाजते तीही देशोदेशीची वेगळी. लंडनची आणि आपली सारखीच, दोनदा टुर्र-टुर्र आणि मग विश्रांती. "साहेब गेला, पण घंटी ठेवून गेला," बाई म्हणायच्या. नैरोबीची घंटी लंगडायची, एक आखूड आणि एक लांब. हे सगळं त्यांनी मला तोंडानं काढून शिकवलं. मीही तोंडानं काढून दाखवायचे. शेजारचे हिशेबनीस कपाळावर हात मारून घ्यायचे.

दर सोमवारी सकाळी कानफेरी असायची. हा शब्द बाईंचाच. एक खास नंबर फिरवला की ज्या त्या शाखेचा टोन नाशिकमध्ये ऐकू यायचा. बाई डोळे मिटून एकेक शाखा ऐकायच्या आणि न्यायाधीशासारखा निकाल द्यायच्या. "लंडन, ठीक. नैरोबी, ठीक. रॉटरडॅम, ठीक." कॉम्प्युटरवर सगळं दिसतं, ऐकायचं कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "पाटीवर दवाखाना लिहिलंय म्हणून आत डॉक्टर असतोच का?" त्या म्हणाल्या.

आणि त्यांचा तो पाहुण्यांचा रिवाज! परदेशातून कोणी येणार असलं की पाहुण्यांच्या केबिनमधला फोन बाई आधीच त्याच्या देशाचा करून ठेवायच्या. तारीख त्यांच्या पद्धतीची, पडद्यावर भाषा त्यांची, टोन त्यांचा. मालक म्हणाले, "बाई, पाहुण्याला आधी पाणी विचारतात." "पाणी विचारा तुम्ही," बाई म्हणाल्या, "माझ्या खात्यात पाहुण्याला पाण्याआधी टोन."

एकदा हॉलंडहून द्राक्षं तपासायला एक साहेब आले. उंच, लाल, उन्हानं आणखी लाल झालेले. त्यांना शेजारच्या केबिनमध्ये फोन करायचा होता. त्यांनी रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि तसेच उभे राहिले. ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. मला वाटलं फोन बिघडला, मी धावत गेले. ते मला म्हणाले, "हा आमच्या घरचा आवाज आहे." नंबर न फिरवताच बराच वेळ ते रिसीव्हर कानाला धरून बसले होते. नंतर दरवर्षी द्राक्षांच्या हंगामात ते बाईंसाठी त्यांच्याकडच्या काळ्या खारट गोळ्यांची पिशवी आणायचे. बाई तोंडभर हसून घ्यायच्या आणि साहेबांची पाठ वळली की आम्हाला वाटून टाकायच्या. "घ्या गं पोरींनो, कोळसा घ्या. दिलाय प्रेमानं, टाकू नका."

दिल्लीहून ऑडिटर आले तेव्हा त्यांनी हा रिवाज ऐकून विचारलं, "मग आमच्यासाठी काय केलंत?" बाई म्हणाल्या, "तुम्हाला आपलाच. तुम्ही घरचे." ते बिचारे इतके खूश झाले की चहा दोनदा प्यायले.

मला या रिवाजाचं हसू यायचं. पुढे एका हंगामात कंपनीनं मलाच रॉटरडॅमला पाठवलं, आणि हसू पळालं. चांदवड सोडून नाशिकला आले तेव्हाच माझ्या आईनं आठवडाभर डोळ्याला पदर लावला होता. आता तर थेट हॉलंड. आई फोनवर विचारायची, "तिकडं थंडी लय हाय का गं? भाकरी मिळती का नाय?" मी सगळं मिळतं म्हणायचे आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडायचे. बंदराजवळचं ऑफिस, दुपारीच अंधारून यायचं, माणसं चांगली पण कामापुरती बोलणारी. परत जायचं, नोकरी गेली तर गेली, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

एका सोमवारी सकाळी टेबलावरचा रिसीव्हर उचलला आणि कानात घुर्रर्र झालं. आपलं! मी लगेच नाशिकला फोन लावला.

"नाशिक," बाई म्हणाल्या.

"बाई, माझ्या फोनला चुकून इंडिया लागलंय."

"चुकून काही लागत नाही. बाहेरच्या लाइनी त्यांच्याच आहेत, बाकीची टेबलं त्यांचीच आहेत. तुझ्या टेबलाचा टोन फक्त आपला केलाय."

मी मुसमुसायला लागले. बाई म्हणाल्या, "पोटभर रड आणि कामाला लाग. कंटेनर आलाय ना आज?"

मी तो हंगाम पुरा केला. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी एकदा रिसीव्हर उचलून ऐकायचे आणि ठेवून द्यायचे. तिथल्या मुली म्हणत असतील, ही भारतातली बाई रोज कुणाला फोन लावून न बोलता ठेवते. म्हणू देत.

मी परत आले त्याच्या पुढच्या हंगामात दुबईचं प्रकरण झालं.

ऐन द्राक्षांची घाई. माल बंदरात उतरलेला, आणि गिऱ्हाइकांना दुबईचं ऑफिस फोनवर लागेना. ज्याला त्याला एंगेज. शेवटी एका जुन्या गिऱ्हाइकानं मालकांच्या मोबाइलवर फोन करून विचारलं, "दुकान बंद केलंत की काय?" तोवर काही माल वाया जायला लागला होता, आणि काही गिऱ्हाइकं दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेली होती. मालक तापले. बाई आणि मी शोधायला बसलो.

दोष सापडायला वेळ लागला नाही. तिथली यंत्रणा सोमवारच्या कानफेरीआधीच झालेल्या कसल्याशा अपडेटनंतर आपोआप कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर, म्हणजे अमेरिकेवर गेली होती. पलीकडच्यानं फोन ठेवला की लाइनवर त्या देशाचा एक टोन येतो, तो ओळखून यंत्रणा लाइन मोकळी करते. आता ती अमेरिकेच्या टोनची वाट बघत बसलेली आणि लाइनवर येतोय दुबईचा. त्यामुळे बोलणं संपलं तरी लाइन सुटतच नव्हती. एकेक करत सगळ्या लाइनी अडकल्या होत्या.

मी आमच्या आपसातल्या लाइनीवरून खास नंबर फिरवून दुबई ऐकलं. दोन सुरांचं गुणगुणणं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी म्हटलं, "बाई, ऐका ना, सरळसरळ अमेरिका आहे." बाईंनी रिसीव्हर घेतला, उजव्या कानाला लावला, डोळे मिटले.

"ठीकच आहे की," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी डोळे उघडले, माझा चेहरा पाहिला. मग त्यांनी कधीच केलं नव्हतं ते केलं. रिसीव्हर डाव्या कानाला नेला. कुडीवर तो खट्‌कन आपटला. पुन्हा उजवीकडे आणला, दाबून धरला. बाईंना काहीही ऐकू येत नव्हतं. आमच्याशी बोलताना त्या ओठांकडे बघून बोलत होत्या, फोनवर ठरलेल्या माणसांची ठरलेली बोलणी अंदाजानं निभावत होत्या. आणि सोमवारच्या कानफेरीत न ऐकताच निकाल देत होत्या. कधीपासून, देव जाणे.

त्यांनी रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला आणि कापसानं पुसला.

मी खुर्ची त्यांच्या समोर ओढली आणि सावकाश म्हटलं, "बाई, अपडेट सोमवारनंतर झालं असं मी सांगते. कोण विचारणार आहे? आणि पुढच्या कानफेरीला मी समोर बसते. काही चुकलं तर नुसती मान हलवीन."

"कॉपी करून पास व्हायचं माझं वय आहे का गं?" बाई म्हणाल्या. रागानं नव्हे. त्यांचं सगळं काय ते त्या कानात होतं. त्या गेल्या तर या वयात त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी बाई दोन्ही कानांत कुड्या घालून आल्या.

ऑफिसात बाकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. उलट एकजण म्हणाली, "बाई, आज छान दिसताय." मला मात्र ती उजवी कुडी बघवत नव्हती. बाई थेट मालकांच्या केबिनमध्ये गेल्या, मलाही बोलावलं, आणि उभ्यानंच म्हणाल्या, "दुबईचा घोळ माझा. सोमवारी मी ठीक म्हटलं, ते ठीक नव्हतं. मला ऐकू येत नाही. आजपासून मला मोकळं करा आणि हिचा कान ठेवा. मी तयार केलाय, चांगला आहे."

मालक खुर्चीत मागं टेकले. मला वाटलं, आता संपलं. नुकसान झालं होतंच, आणि मालक काही संतमहंत नव्हते. ते बराच वेळ बाईंच्या कुड्यांकडे बघत होते. त्यांच्या लक्षात आलं होतं.

"बाई," शेवटी ते मोठ्यानं म्हणाले, "आमच्या घरात कुणीच कुणाचं ऐकत नाही, तरी संसार चाललाय. तुम्ही कुठं जाता? कान हिचा, निकाल तुमचा. निवृत्तीपर्यंत असं चालू द्या. आणि दुबईच्या पोरांना सांगा, अपडेट करण्याआधी नाशिकला विचारायचं."

बाईंनी ते मालकांच्या ओठांवर वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, बरोबर वाचलं का ते विचारायला. मी होकाराची मान डोलावली. कॉपी केली त्यांनी, तेवढी एकदाच.

त्यानंतरच्या कानफेऱ्या म्हणजे तमाशाच होता. मी रिसीव्हर कानाला लावून ऐकायचे आणि तोंडानं मोठ्यानं काढून दाखवायचे. बाई समोर बसून माझे ओठ, माझा गळा बघायच्या. कधी मानेवर बोटं टेकवायच्या. "हॉलंड इतकं हलत नाही. नीट काढ." मी पुन्हा ऊऽऽऽ करून काढायचे. "आता ठीक." हिशेबनीसांनी टेबल हलवून घेतलं. माझ्या तोंडून बाई अख्खं जग ऐकायच्या आणि तेवढ्यानं त्यांची मान पुन्हा ताठ व्हायची. पण त्या उजव्या कुडीचं मला शेवटपर्यंत वाईट वाटत राहिलं. ती त्यांनी परत काढली नाही.

त्या निवृत्त झाल्या, त्यांची खुर्ची मला मिळाली. पुढे मालकांनी कंपनी एका मोठ्या परदेशी समूहाला विकली. आता टेबलावरचे फोनच गेले. यंत्रणा तेवढी महिनाअखेरपर्यंत चालू आहे.

परवा रविवारी तो पिशवीतला फोन घेऊन मी इथंच सिडकोत बाईंच्या घरी गेले. बेल वाजवून उपयोग नसतो म्हणून त्यांचं दार दिवसा लोटलेलंच असतं. बाई पेपर वाचत बसल्या होत्या. केस सगळे पांढरे, कानांत त्याच कुड्या. मी समोर जाऊन बसले, फोन टेबलावर ठेवला. खालची वाक्यं वाचत सिनेमे बघायला त्यांनी घरी इंटरनेट घेतलंय, त्याला तो जोडला, माझा पासवर्ड घातला. फोनचा दिवा लागला, नाशिक ऑफिसशी जोडला गेला. आवाज मी पूर्ण वाढवला.

बाई फोनकडे बघत होत्या. त्यांनी हात वर नेला, उजव्या कानातली कुडी फिरकी सोडवून काढली आणि टेबलावर ठेवली. मग रिसीव्हर उचलला. कानाला नाही लावला. कानामागच्या हाडावर दाबून धरला आणि डोळे मिटले.

मला वाटलं, आता हसतील. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, हा हलतच नाही," त्या म्हणाल्या. "सरळ आहे नुसता. हॉलंड आहे हे." आणि डोळे उघडून माझ्यावर रोखले. "माझ्या घरात मला हॉलंड लावतेस? मी काय पाहुणी आहे का गं?"

मी झटकन रिसीव्हर घेऊन ऐकला. खरंच हॉलंड! समूहानं फोन काढता काढता सगळ्या यंत्रणेला आपलाच एक देश लावून टाकला होता, आणि हेडफोनच्या नादात मला, विभागप्रमुखाला, पत्ताच नव्हता. बाईंनी मात्र हाडाला जाणवणाऱ्या थरथरीवरून ओळखलं होतं. मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं, दोन्ही एकदम. मी देशांची यादी उघडली, खाली सरकत इंडियावर आले, दाबलं. रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो परत हाडावर टेकवला. या वेळी कपाळाची आठी आपोआप गेली. दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर हळूहळू हलायला लागली, मांजराच्या पाठीवर फिरावीत तशी.

"आला," बाई म्हणाल्या.

रिसीव्हर फार वेळ उचलून ठेवला की टोन तुटतो. तो तुटला. बाईंनी रिसीव्हर ठेवला आणि पुन्हा उचलला. असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मी आत जाऊन दोघींसाठी चहा टाकला. बाहेर आले तर त्या तशाच बसलेल्या.

"महिनाअखेरपर्यंत आहे ना हे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग इथंच राहू दे."

निघताना टेबलावरची कुडी माझ्या नजरेला पडली. ती हातात घेऊन मी त्यांच्या समोर धरली. "बाई, ही घाला, हरवेल."

त्यांनी रिसीव्हर न काढता मान हलवली. "राहू दे," म्हणाल्या. "कामावर आहे मी."